झडतीआधी हक्क सांगावाच लागतो

'संशय आला की पोलीस झडती घेणारच, त्यात विचारायचं काय?' असं काहीजण म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. १९९३ साली रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, म्हणून नाकाबंदी हवीच. पण अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यायची तर १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ५० आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागायचा तुमचा हक्क आहे, आणि तो आधी सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. (नुसत्या पिशवीच्या झडतीला हे लागू नाही.) बाईची झडती बाईनेच घ्यायची. पहाटे बंदरावरून घरी निघालेल्या खलाशी पोरांना हे कुणी सांगत नाही, याचा संताप येतो. मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर एवढं तरी लिहून लावा.