वृद्धांची साखर आणि मूत्रपिंड

आईंचे वय ७८, मूत्रपिंडाचा जुना आजार आणि तरीही एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.२, म्हणून सारे उत्तम चालले आहे, असे आपण लिहिले आहे. मला मात्र हाच आकडा काळजीचा वाटतो. शरीरातील इन्सुलिनचा बराचसा भाग मूत्रपिंडे निकामी करतात, त्यामुळे ती मंदावली की इन्सुलिन रक्तात अधिक काळ टिकते आणि ग्लिबेनक्लामाइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळीचे सक्रिय अंशही साचत राहतात; मग साखर फार खाली जाण्याचा धोका असतो. शिवाय रक्तवाढीसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने चालू असतील, तर एचबीए१सी प्रत्यक्षाहून कमी दिसू शकतो. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी अमेरिकन डायबिटीस असोसिएशन ८ च्या आतले उद्दिष्ट पुरेसे मानते, ते उगाच नव्हे.

एकादशीला सकाळची साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची आणि दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहायचे, हे आपल्या घरांतून सर्रास चालते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर साखर उतरल्यावरची धडधड जाणवतेच असे नाही; कपाळावर घाम येतो, बोलणे असंबद्ध होते आणि घरचे ‘वयामुळे होतेय’ म्हणून सोडून देतात. अशा वेळी ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असेल आणि त्या शुद्धीवर असतील, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि या गोळ्यांमुळे साखर पुन्हा उतरू शकते म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गोळी मात्र परस्पर बंद करू नये.