केल्विन किप्टम आधी कुठे होता?

मेधा_पीटी

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गाला केनियाचा धावपटू केल्विन किप्टम याच्याबद्दल सांगत होते. 8 ऑक्टोबर 2023, शिकागो, 2 तास 0 मिनिटं 35 सेकंद. मॅरेथॉनचा विश्वविक्रम. आणि चार महिन्यांनी, 11 फेब्रुवारी 2024 च्या रात्री, कप्टागटजवळ मोटार अपघातात तो गेला, वय 24, हेही सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, पण तो आधी कुठे होता?"

मला उत्तर देता आलं नाही. मी जे काही वाचलंय ते सगळं 4 डिसेंबर 2022 च्या व्हॅलेन्सिया मॅरेथॉनपासूनच सुरू होतं. आयुष्यातली पहिली मॅरेथॉन आणि वेळ 2:01:53! तोवर 2:02 च्या आत केनियाचा किपचोगे आणि इथिओपियाचा बेकेले हे दोघंच आले होते, आणि ते दोघंही आधी वर्षानुवर्षं ट्रॅकवर गाजलेले. किप्टमचं तसं काहीच नाही. मग हा मुलगा एकदम कुठून उगवला? त्या मुलीला मला नीट सांगायचंय. तिकडे केनियात कुणी राहिलेलं असेल तर कृपया लिहा.

हेमंत_रिफ्ट

मेधाताई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमका प्रश्न विचारलाय. 2016 ते 2019 मी केनियात एल्डोरेटला एका कापड गिरणीत नोकरीला होतो. पळण्याचं वेड मला तिथेच लागलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तो एकदम उगवला नाही. तेराव्या वर्षापासून तो रस्त्यावर पळतच होता. आपण सगळे ट्रॅककडे बघत होतो, म्हणून दिसला नाही.

एल्डोरेटहून कप्टागटच्या जंगलातून पुढे गेलं की रिफ्ट दरीच्या कडेला चेपकोरियो लागतं. एल्गेयो-माराक्वेट परगणा. हा त्याचा मुलूख. एल्डोरेटच समुद्रसपाटीपासून 2100 मीटरवर आहे, आणि तिथून पुढे चढच. सगळीकडे तांबडी माती. तिथल्या कच्च्या रस्त्याला लोक 'मरम रोड' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकलो, हा तर आपला मुरूम! पहाटे सहाला मी धापा टाकत निघायचो आणि मागून वीस-पंचवीस जणांचा जथा यायचा. बोलणं नाही, फक्त पावलांचा आवाज. दोन मिनिटांत ते वळणाआड. रस्त्याकडेची शाळेत निघालेली पोरं मला "मुहिंदी, मुहिंदी" (म्हणजे भारतीय) अशा हाका मारायची आणि दप्तरासकट त्या जथ्यामागे शंभर-दोनशे मीटर पळून यायची.

किप्टमची सुरुवात अशीच झाली. पुढे त्याचा प्रशिक्षक झालेला जर्वे हाकिझिमाना हा रवांडाचा धावपटू. 2009 च्या सुमारास तो किप्टमच्या वडिलांच्या शेताजवळ सराव करायचा. गुरं राखणारा अनवाणी केल्विन त्याच्या मागे टाचांना टाच लावून पळायचा आणि हा त्याला हाकलून द्यायचा. ही आठवण हाकिझिमानानेच नंतर सांगितली होती. केल्विन तेव्हा नऊ-दहा वर्षांचा.

2013 मध्ये, तेराव्या वर्षी, तो एल्डोरेटच्या अर्धमॅरेथॉनमध्ये उतरला आणि दहावा आला. आता हे 'दहावा' म्हणजे काय ते सांगतो, कारण तिथल्या अशा शर्यती मी रस्त्याकडेला उभं राहून पाहिल्या आहेत. पहिल्या तिघांभोवती गर्दी होते, फोटो निघतात. चौथ्यापासून पुढचे लोक गुडघ्यावर हात टेकून श्वास घेतात, पिशवीतून स्वेटर काढून अंगात घालतात आणि मटाटूच्या, म्हणजे तिथल्या भाड्याच्या मिनीबसच्या, थांब्याकडे चालू लागतात. त्यांतले कित्येक दुसऱ्या कुठल्याही देशात राष्ट्रीय संघात सहज बसले असते. त्या घोळक्यातून तेरा वर्षांचा एक पोरगा घरी गेला तर कोण बघणार?

तो ट्रॅकवर का नव्हता, त्याचं कारण साधं आहे. ट्रॅक त्याच्या गावापासून लांब होता आणि सरावासाठी रोज तिथवर जायला पैसे नव्हते. गावाजवळ रस्त्यावर पळणारी मंडळी होती, त्यांच्यात तो मिसळला. हे त्याने स्वतःच एका मुलाखतीत सांगितलंय. आपण फार मोठं रहस्य शोधत बसतो, पण ते मटाटूच्या भाड्यापाशी संपतं. मी तिथे असताना इटेनजवळचं मैदानही नूतनीकरणासाठी बंदच होतं. मुलं मुरमावर पळायची नाहीतर डांबरी रस्त्यावर.

वडिलांची इच्छा होती की त्याने डिप्लोमा करून इलेक्ट्रिशियन व्हावं. चार वर्षं सराव करून हाती काही लागेना, तेव्हा घरचे नाराज होते. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत हा काळ सर्वांत मोठा वाटतो. शिकागोत वेग राखून देणारे पेसर होते, घड्याळ होतं, जग बघत होतं. या चार वर्षांत त्याच्याबरोबर कोण होतं?

पुढचं भराभर सांगतो. 2018 मध्ये त्याने एल्डोरेटमध्येच अर्धमॅरेथॉन जिंकली. पहिल्या मोठ्या शर्यतीत पायात उसने बूट होते, स्वतःचे घ्यायला पैसे नव्हते. मार्च 2019, लिस्बन: अर्धमॅरेथॉन 59:54, पाचवा. 2020 मध्ये कोरोनामुळे हाकिझिमाना केनियातच राहिला आणि दोघं जंगलात एकत्र पळाले. त्या डिसेंबरात व्हॅलेन्सियाची अर्धमॅरेथॉन: 58:42. ही वेळ विलक्षण आहे, पण त्या दिवशी केनियाच्याच किबिवॉट कँडीने 57:32 चा विश्वविक्रम केला आणि पहिले चारही जण 58 मिनिटांच्या आत आले. किप्टम सहावा. पुन्हा एकदा कुणाचं लक्ष गेलं नाही.

म्हणजे 2022 च्या व्हॅलेन्सियाला सुरुवातीच्या रेषेवर उभा होता तो नवखा नव्हता. नऊ वर्षं रस्त्यावर पळून आलेला माणूस होता.

अनघा_42

हेमंत, खूप छान लिहिलंत. उसन्या बुटांचं माहीत होतं, मटाटूच्या भाड्याचं कधी असं जोडून पाहिलं नव्हतं.

मेधा, मुलांना तुलना दाखवायची असेल तर किपचोगेची सुरुवात शेजारी ठेव. त्यालाही घराजवळच गुरू भेटला: पॅट्रिक सांग, 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा स्टीपलचेसमधला (अडथळ्यांच्या शर्यतीतला) रौप्यविजेता. पण त्या गुरूने त्याला ट्रॅकवर नेलं. 2003 मध्ये पॅरिसला अठरा वर्षांच्या किपचोगेने 5000 मीटरमध्ये मोरोक्कोच्या एल गेरूजला आणि बेकेलेला हरवलं. एल गेरूजशी 12:52.79 विरुद्ध 12:52.83, चार शतांश सेकंद! पहिली मॅरेथॉन त्याने थेट 2013 मध्ये हॅम्बुर्गला धावली. मधली दहा वर्षं आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी संघात निवड न होणं, एवढं सगळं झाल्यावर तो रस्त्यावर आला.

आणि केनियाच्याच सॅमी वांजिरूला विसरू नका. पंधराव्या वर्षी जपानला, सेंडाईच्या शाळेत गेला. अठराव्या वर्षी अर्धमॅरेथॉनचा विश्वविक्रम, 59:16. एकविसाव्या वर्षी बीजिंगच्या उकाड्यात ऑलिंपिक सुवर्ण, 2:06:32, मॅरेथॉनमधलं केनियाचं पहिलं. तरुणपणी मॅरेथॉन नको, म्हातारपणासाठी ठेवा, ही समजूत त्याने तेव्हाच मोडली होती. तोही चोविसाव्या वर्षीच गेला. त्याच्याबद्दल लिहिताना माझा हात अजून थांबतो.

नितीन_लाँगरन

सगळं मान्य, पण एक काळजी. हाकिझिमानाने किप्टमचा सराव आठवड्याला 250 ते 280 किलोमीटर, कधी 300 च्या वर असल्याचं सांगितलं होतं. मेधाताई, हा आकडा वर्गात सांगणार असाल तर त्याच्या पुढचं वाक्यही सांगा. या गतीने शरीर मोडेल, जरा कमी कर, असं तो केल्विनला सांगत होता आणि केल्विन ऐकत नव्हता. मी स्वतः आठवड्याला 60 वरून एकदम 110 वर गेलो आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊन चार महिने घरी बसलो. चौदा वर्षांच्या मुलांना आकडा पटकन पाठ होतो.

हेमंत_रिफ्ट

नितीन, अगदी बरोबर. त्यात एवढंच जोडतो की तिथल्या किलोमीटरांतले बरेचसे फार सावकाश असतात. सकाळी माझ्यापुढून वाऱ्यासारखी गेलेली माणसं संध्याकाळच्या पळण्यात इतकी हळू असायची की मी त्यांच्याबरोबर गप्पा मारत जायचो. 'पोले पोले' म्हणायचे, सावकाश सावकाश. हे बाहेरच्यांना दिसत नाही.

मेधा_पीटी

सगळ्यांचे मनापासून आभार. नितीनदादा, 300 चा आकडा मी फळ्यावर लिहिणार नाही, तोंडी सांगेन आणि तुमच्या तड्यासकट सांगेन.

काल रात्री शिकागोची शर्यत पुन्हा पाहिली. 30 किलोमीटरनंतर त्याच्याबरोबर पळणारा डॅनियल मटाइको मागे पडतो आणि केल्विन एकटा. पुढचे 5 किलोमीटर 13:51, त्यापुढचे 14:01. आधी मला त्यात फक्त वेग दिसला होता. काल मात्र मी बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत होते.

सोमवारी त्या मुलीला 2013 ची एल्डोरेटची अर्धमॅरेथॉन सांगणार आहे. दहावा क्रमांक, वय 13. तिच्याहून एका वर्षाने लहान.