कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, तरी घरावर टाच येते का?

लेथमास्तर:
सीएनसी मशीनिंगची आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मी आणि मेहुणा, दोघेच डायरेक्टर. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाने ऑर्डर बंद केली, वर जुनी बिलंही अडकवली. सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाची बँकेची उचल) काठोकाठ भरलंय, मशीनच्या टर्म लोनचे हप्ते मागेपुढे होतायत, जीएसटी थकलाय. मटेरियलवाल्यांना दिलेले पुढच्या तारखेचे चेक आता लागायला येतील. कंपनी दिवाळखोरीत काढावी असा विचार चालू आहे. मेहुण्याचं म्हणणं, 'लिमिटेड आहे, शटर ओढायचं आणि मोकळं व्हायचं.' एक हितचिंतक सांगतात, अर्जाआधी फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर कर. सध्या तो आम्हा दोघांच्या नावावर आहे, गृहकर्ज फिटलेलं आहे. कंपनीचं देणं माझ्या अंगावर येतं का, आणि आलं तर कुठवर?

कट्टेकरी:
कंपनी वेगळी, तुम्ही वेगळे. शेअरमध्ये घातलेले पैसे बुडतील, बाकी काही नाही. बिनधास्त राहा.

वसुलीतला निवृत्त:
वरचा प्रतिसाद वाचून झोप लागली असेल तर जागे व्हा.

माझी नोकरी बँकेत कर्जमंजुरी आणि पुढे वसुलीत गेली. 'कंपनी वेगळी, मी वेगळा' असं समोरून आलं की मी फाईल फिरवून गॅरंटी डीडचं शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवायचो. तिथे कंपनीचा शिक्का नसतो. नुसती सही, खाली नाव आणि घरचा पत्ता. लहान कंपनीला डायरेक्टरच्या वैयक्तिक हमीशिवाय कर्ज मिळालेलं मी क्वचितच पाहिलं.

भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 128 सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे आधी कंपनीची मशीनं विका, मग माझ्याकडे या, असं बँकेला सांगता येत नाही. कंपनी एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) गेली की वसुलीला जी स्थगिती मिळते, ती कंपनीला; दिवाळखोरी संहितेच्या कलम 14(3) मध्ये जामीनदाराला त्यातून स्पष्ट वगळलंय. 1 डिसेंबर 2019 पासून तर कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारावरही याच संहितेखाली अर्ज करता येतो. ही तरतूद सुप्रीम कोर्टाने मे 2021 मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात उचलून धरली. कंपनीची तोडगा योजना (देणी कशी मिटवायची याचा आराखडा) मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हेही त्यातच आलं.

तेव्हा 'लिमिटेड आहे का' हे विचारू नका. एकेक देणं घ्या आणि तिथे तुमची सही कोणत्या नात्याने आहे ते बघा. मटेरियलवाल्याचं साधं उधार कंपनीचं. तुम्ही लेखी हमी दिली नसेल तर ते तुमच्या घरापर्यंत येत नाही. पण चेकवर सही तुमची. तो वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 चा खटला कंपनीबरोबर सही करणाऱ्यावरही चालतो, आणि कंपनीच्या स्थगितीचा फायदा त्याला मिळत नाही (मोहनराज प्रकरण, सुप्रीम कोर्ट, 2021). जीएसटीचं म्हणाल तर खासगी कंपनीकडून वसूल झाला नाही की जीएसटी कायद्याचं कलम 89 डायरेक्टरकडे वळतं. आपल्या गंभीर हलगर्जीमुळे किंवा कर्तव्यात कसूर केल्यामुळे तो थकला नाही, हे डायरेक्टरने सिद्ध करायचं. कामगारांच्या पगारातून पीएफ कापून भरला नसेल तर ते आधी भरा. तिथे प्रकरण फौजदारी होतं, आणि खरं सांगायचं तर व्हायलाच हवं.

(धंदा प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असता तर हमीचीही गरज नव्हती. मालक आणि भागीदार मुळातच स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार. हे वाचणाऱ्या इतरांसाठी.)

आता फ्लॅट. हितचिंतकांना चहा पाजा आणि घरी पाठवा. ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांना चकवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली रद्द करून घेता येतं. अडचणीच्या तोंडावर केलेलं बक्षीसपत्र कोर्टाला लगेच खुपतं, आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचा विश्वासही त्यात जातो.

मंजुरीपत्र आणि गॅरंटी डीड काढा. तारण काय आणि जामीनदार कोण, तेवढंच इथे लिहा. आकडे नकोत.

लेथमास्तर:
काढलं. टर्म लोन सीजीटीएमएसईखाली (छोट्या उद्योगांच्या कर्जाची हमी घेणारी योजना) आहे, फ्लॅट तारण नाही. मला वाटत होतं की त्यात हमी सरकारची असते. पण सीसी वाढवून घेतली तेव्हाच्या डीडवर तीन सह्या आहेत: माझी, मेहुण्याची आणि बायकोची. बँकेतल्या माणसाने पेन्सिलने बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या, आम्ही त्यावर सह्या करत गेलो. फुल्या अजून दिसतात. बायको कंपनीत डायरेक्टरसुद्धा नाही. मेहुण्याने आता राजीनामा दिला तर तो सुटेल का?

वकीलकी:
मेहुण्याचं आधी. डायरेक्टरपदाचा राजीनामा आणि हमी यांचा संबंध नाही. चालू हमी लेखी नोटीस देऊन मागे घेता आली तरी ती पुढच्या व्यवहारांपुरती, झालेल्या देण्याला नाही.

पत्नी डायरेक्टर नसली तरी जामीनदार आहेत. म्हणजे फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर करून काहीच साधलं नसतं. मात्र फ्लॅट तारण नाही हे महत्त्वाचं. तारण घरावर बँक सरफेसीखाली (तारण मालमत्तेवरून वसुली करण्याचा कायदा) 60 दिवसांची नोटीस देऊन कोर्टात न जाता ताबा घेऊ शकते. तुमच्या घरासाठी तिला आधी डीआरटीत (बँकांच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात) दावा लावून वसुलीचा आदेश मिळवावा लागेल. वेळ मिळतो, सुटका नाही.

जामीनदार स्वतःही संहितेच्या कलम 94 खाली अर्ज करू शकतो. अर्ज दाखल करून घेतला गेला की 180 दिवसांपर्यंत स्थगिती असते. त्या काळात परतफेडीची योजना मांडायची, आणि ती मंजूर व्हायला येण्याच्या रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांशाहून जास्त घेणेकऱ्यांची मतं लागतात. नाही जमलं तर पुढे दिवाळखोरीचा आदेश, आणि त्यातून मुक्त होईपर्यंत डायरेक्टर होता येत नाही. अर्ज तुमचा वेगळा, पत्नीचा वेगळा. एकाने केला म्हणून दुसऱ्यावर पांघरूण पडत नाही.

वसुलीतला निवृत्त:
सीजीटीएमएसईचं संरक्षण बँकेला असतं हो, कर्जदाराला नाही. योजनेच्या ट्रस्टने बँकेला पैसे दिले तरी तुमच्याकडची वसुली बँक चालूच ठेवते.

खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) झालंय का? नसेल तर एनसीएलटीचं नाव काढायच्या आधी दोन कागद करा. पहिला बँकेला: एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) पुनरुज्जीवनाच्या 2015 च्या चौकटीखाली खातं समितीपुढे ठेवा, असा लेखी अर्ज, उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचं) आणि ऑर्डर का तुटल्या याच्या पुराव्यासह. ही चौकट 25 कोटींपर्यंतच्या कर्जांना लागू आहे. अर्ज एनपीए व्हायच्या आत पडायला हवा, आणि पोच घ्या. तोंडी बोलणं फाईलला लागत नाही.

दुसरा त्या गिऱ्हाईकाविरुद्ध, एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद बघणारी सरकारी यंत्रणा). माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. अडकलेली बिलं आणि चलनं पुन्हा जुळवून बघा. सीसीतला किती खड्डा त्यांच्यामुळे पडलाय ते कळल्याशिवाय कंपनी बुडाली की नुसती अडकली हे ठरवता येणार नाही.

आणि त्या चेकबद्दल मटेरियलवाल्यांशी आजच बोला, तारखा बदलून घ्या.