मदत हवी आहे : मोटरहोमचं रबरी छत गळतंय

राम राम मंडळी. लातूरहून लिहितोय. जुन्या मिनीबसचं मोटरहोम आहे, छताला प्लायवूड आणि त्यावर ईपीडीएम, म्हणजे एक कृत्रिम रबर. उन्हानं त्याचं पार पीठ झालंय, हात फिरवला की पांढरी भुकटी. परवाच्या वळवात झरोक्याच्या कडेनं पाणी आत आलं, गादी भिजली. तिथलं प्लाय बोटानं दाबलं तरी मऊ लागतंय.

कोटिंग घरीच करायचंय. साबणाच्या पाण्यानं घासणार. पेट्रोल, रॉकेल लावणार नाही, त्यानं ईपीडीएम फुगतं एवढं माहीत आहे. घोळ वेगळाच आहे. आधीच्या मालकानं फटींत सिलिकॉन कोंबून ठेवलंय आणि त्यावर दुसरं काही धरत नाही. रबर न फाडता ते कसं काढलंत? मऊ प्लाय कापून बदलू, की नुसतं वाळवून भागेल? (मला बदलावंच वाटतं, पण मेव्हणा म्हणतो, कशाला उचकतोस.) गच्चीवर लावतात ते अ‍ॅक्रेलिक वॉटरप्रूफिंग प्रायमरशिवाय या रबरावर टिकतं का?

दुपारी छत तव्यासारखं तापतं, म्हणून पहाटेच हात देणार. मृगाच्या आत उरकायचंय. आणि हो, ब्युटाइल टेप (फटी बुजवायची चिकट रबरी पट्टी) नांदेड किंवा संभाजीनगरला कुठं मिळेल?