शब्दचर्चा : बायोइन्फर्मॅटिक्स, विदा आणि पाठभेद

अर्धविराम :
बीएस्सीनंतरच्या अभ्यासक्रमांची ओळख करून देणारी एक पुस्तिका मराठीत करतो आहे. वाचणार मुलं आणि त्यांचे आईवडील. 'बायोइन्फर्मॅटिक्स'पाशी गाडी अडली आहे. छापील मजकुरात जैवमाहितीशास्त्र, जैवमाहितीविज्ञान, जीवमाहितीशास्त्र असे तीन-चार पर्याय दिसतात. पहिला घातला, तर कच्चा मजकूर वाचणाऱ्या एका पालकांनी विचारलं, "म्हणजे प्राण्यांची माहिती पाठ करायची का?" त्यात 'कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी' म्हणजे संगणकीय जीवशास्त्र, ते निराळं की तेच? आणि आतले शब्द तर आहेतच : डेटा, सिक्वेन्स, अलाइनमेंट, व्हेरिएंट. जाणकारांनी हात द्यावा.

सेंट्रिफ्यूज :
त्या पालकांना हसू नका, प्रश्न रास्त आहे. हा शब्द पाउलीन होगेवेख आणि बेन हेस्पर या दोघांनी १९७० मध्ये डच भाषेत घडवला. त्यांना सजीवांच्या आत माहिती कशी साठते, कशी वाहते, तिच्यावर काय प्रक्रिया होते याचा अभ्यास अपेक्षित होता. म्हणजे 'जैव माहिती', जिवाची स्वतःची. पुढे डीएनए आणि प्रथिनांच्या क्रमांचा (म्हणजे त्यांतले घटक कोणामागे कोण येतात याच्या अक्षरी नोंदींचा) पूर आला, ते साठवायला आणि चाळायला संगणक लागले, आणि त्या कामालाच हे नाव चिकटलं. मराठी शब्द मूळ अर्थाला चपखल बसतो, आजच्या अर्थाला ढगळ होतो.

गंमत म्हणजे काम शब्दाच्या आधीपासून चालू होतं. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्येच ६५ प्रथिनांच्या क्रमांचा संग्रह पुस्तकरूपात छापला होता. प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांना एकेका अक्षराची खूण आपण आजही वापरतो ती त्यांचीच. छिद्रपत्रांच्या (भोकं पाडून संगणकाला मजकूर द्यायच्या कार्डांच्या) जमान्यात तीन अक्षरांऐवजी एक अक्षर म्हणजे मोठीच बचत.

संगणकीय जीवशास्त्राबद्दल : पुस्तकात सांगतात की नवी गणिती रीत शोधतो तो संगणकीय जीवशास्त्रज्ञ, आणि साठे बांधतो, साधनं चालवतो तो बायोइन्फर्मॅटिक्सवाला. प्रत्यक्षात एकच माणूस सकाळी हे आणि दुपारी ते करतो, आणि विभागाच्या पाटीवर काय लिहायचं ते निधी कुठून आला त्यावर ठरतं. पुण्याचंच घ्या. विद्यापीठातलं बायोइन्फर्मॅटिक्स केंद्र १९८७ चं. अशोक कोळसकर आणि टोणगावकर यांनी १९९० मध्ये एक रीत मांडली : प्रथिनाचा नुसता क्रम द्या, त्यातला कोणता तुकडा शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखेल याचा अंदाज घ्या. अचूकता सुमारे ७५ टक्के, आणि त्या काळातल्या बहुतेक रीतींपेक्षा सरस. लस-संशोधनातले लोक ती अजून वापरतात. ही नवी रीत, म्हणजे व्याख्येप्रमाणे संगणकीय जीवशास्त्र. पाटी मात्र बायोइन्फर्मॅटिक्सची.

खडूस :
'माहिती'नेच घोळ घातला आहे. इंग्रजीत डेटा वेगळा, इन्फर्मेशन वेगळी. आपण दोन्हीला माहिती म्हणून मोकळे. मग 'माहितीतून माहिती काढणे' असली वाक्यं लिहावी लागतात. डेटासाठी 'विदा' वापरा. आंतरजालावर मराठी लिहिणाऱ्यांत तो बऱ्यापैकी रुळला आहे.

अर्धविराम :
रुळला आहे, पण तो विदा की ती विदा? दोन लेखांत दोन लिंगं वाचली. आणि पुस्तिका वाचणाऱ्या मुलीने घरी 'मला विदा विश्लेषक व्हायचंय' म्हटलं तर आई अलविदा समजेल.

पोथीनिष्ठ :
लॅटिनमध्ये 'डेटा' म्हणजे 'दिलेल्या गोष्टी'. त्याच धातूचे संस्कृत भावंड म्हणजे 'दत्त'. व्युत्पत्तीने पाहता 'दत्त'च हवे, पण 'दत्त साफ करून घ्या' असे कोणी प्रयोगशाळेत म्हणाले तर गुरुवारी मोर्चा येईल. डेटा राहू द्यावा असे माझे मत. तो पुल्लिंगी आहे, त्याची रूपे व्यवस्थित चालतात, आणि मोबाइलचे रिचार्ज करणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे.

खडूस :
मोबाइलचा डेटा 'संपतो'. जीवशास्त्रातला संपतच नाही, हीच तर त्यांची रड आहे. पण ठीक. पालकांसाठी डेटा, शोधनिबंधात विदा.

सेंट्रिफ्यूज :
सिक्वेन्ससाठी 'क्रम' आणि सिक्वेन्सिंगसाठी 'क्रमनिर्धारण' बिनधास्त वापरा. करोनाच्या काळात 'जनुकीय क्रमनिर्धारण' रोज पेपरात येत होतं. पण त्याच काळातला एक वाईट शब्द सांगते : 'दुहेरी उत्परिवर्तन'. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांबद्दल 'डबल म्युटंट' म्हटलं गेलं त्याचं हे शब्दशः रूप. लोकांना वाटलं विषाणूत दोनच बदल झाले आणि तो दुप्पट घातक झाला. मुळात त्या वंशात बदल बरेच होते. त्यांतले दोन, काटेरी प्रथिनातल्या ४५२ आणि ४८४ या जागांवरचे, काळजीचे म्हणून एकत्र मोजले होते एवढंच.

आता अलाइनमेंट. कोशातला शब्द 'संरेखन'. रस्त्याच्या आखणीला चालेल. आमच्या कामात दोन क्रम एकाखाली एक असे मांडायचे असतात की जास्तीत जास्त अक्षरं जुळावीत, आणि त्यासाठी मध्ये जागा सोडायची मुभा असते. डीएनएची चार अक्षरं ए, सी, जी, टी. एक क्रम टी-सी-ए-जी-जी-टी-ए. दुसरा टी-सी-ए-जी-टी-ए. जुळलं तर एक गुण, नाही जुळलं तर उणे एक, रिकामी जागा सोडली तर उणे दोन. डावीकडून सरळ लावले तर पहिली चार अक्षरं जुळतात, पुढची दोन चुकतात, शेवटी एक जागा रिकामी. बेरीज शून्य. दुसऱ्या क्रमात चौथ्या अक्षरानंतर एक जागा सोडा : सहाच्या सहा जुळतात, दंड दोन, बेरीज चार. निसर्गात नेमका एक 'जी' गळला असावा असं म्हणायला आता आधार मिळाला. सगळ्या शक्य मांडण्यांतून सर्वांत जास्त गुणांची मांडणी हमखास शोधायची रीत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये दिली. म्हणून माझं मत 'जुळवणी'ला. पत्रिका जुळवताना आपण गुणच मोजतो, तेव्हा 'जुळवणीचे गुण' म्हटल्यावर कोणाला समजवावं लागणार नाही. फरक इतकाच की इथे ३६ ची कमाल मर्यादा नाही.

पोथीनिष्ठ :
'जुळवणी'ला अनुमोदन, पण हे काम आमच्याकडे पूर्वीपासून आहे आणि त्याचे शब्दही आहेत. व्हेरिएंटसाठी तुम्ही सगळे 'उत्परिवर्तन', 'उपप्रकार' अशी धावाधाव करता. 'पाठभेद' का नको?

हस्तलिखितांच्या अभ्यासात हेच करतात. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती घ्यायच्या, ओळीखाली ओळ लावायची, कुठे शब्द बदलला, कुठे ओळ गळली, कुठे नकलकाराने तीच ओळ दोनदा लिहिली याची नोंद करायची. एकाच ठिकाणी सारखीच चूक असलेल्या प्रती बहुधा एका आईच्या. त्यावरून प्रतींची वंशावळ. नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ मध्ये पुरी झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली. सगळे हातांनी, तक्त्यांवर.

हा केवळ दृष्टान्त नव्हे. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी जुना इंग्रज कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका प्रस्तावनेच्या ५८ प्रती घेतल्या आणि सजीवांची वंशावळ काढायच्या संगणकीय रीतीच त्यांना लावल्या. शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. शास्त्रे शेजारी आहेत, तर शब्द उसना घ्यायला हरकत कसली?

सेंट्रिफ्यूज :
बापरे, हे आवडलं. 'गळलेली ओळ' म्हणजे डिलीशन, 'दोनदा लिहिलेली' म्हणजे डुप्लिकेशन. एका जागी अडते मात्र. पाठभेद म्हटलं की मूळ पाठ आला. आमच्याकडे ज्याच्याशी ताडून बघतात त्या 'रेफरन्स जीनोम'ला (जीनोम म्हणजे एका जिवाचा संपूर्ण डीएनए) मूळ म्हणता येत नाही. बरीच वर्षं वापरात असलेला मानवी संदर्भ अनेक माणसांच्या तुकड्यांतून जोडलेला आहे. त्यातला सुमारे ७० टक्के भाग एकाच निनावी दात्याचा. तो माणूस 'मूळ' नाही आणि निरोगीपणाचं मापही नाही. काही ठिकाणी संदर्भातच दुर्मिळ अक्षर बसलंय आणि बहुतेकांमध्ये 'भेद' दिसतो. २०२२ मध्ये एकही भोक न उरलेला, ३०५ कोटी ५० लाख अक्षरांचा क्रम हाती आला, तोही मूळ नव्हे.

पोथीनिष्ठ :
चिकित्सक आवृत्तीचा पाठही कोणत्याच एका हस्तलिखितात सापडत नाही. तरी तुमचा मुद्दा खरा आहे. संपादक उपलब्ध प्रतींतून शक्य तितका जुना पाठ शोधत असतो, तुम्ही फक्त मोजायला एक पट्टी धरता. म्हणजे 'मूळ प्रत' नको, 'संदर्भ प्रत' म्हणा. पाठभेदाला तेवढे पुरे आहे.

सेंट्रिफ्यूज :
संदर्भ प्रत, मान्य. आता तर एका प्रतीवर भागत नाही म्हणून अनेक प्रती एकत्र ठेवायला लागलेत. अशा एकत्रित संदर्भाच्या २०२३ मधल्या पहिल्या मसुद्यात ४७ माणसांचे जीनोम आहेत. म्हणजे आम्ही तुमच्याच वाटेने येतोय.

ओपीडी नंबर सात :
चर्चा रंगली आहे, पण मी बसते त्या खोलीत 'पाठभेद' चालणार नाही. मी आनुवंशिक समुपदेशन करते. समोर स्तनांच्या कर्करोगाचा घरात इतिहास असलेली बाई असते, हातात अहवाल असतो, आणि बाहेर कोणीतरी तिला आधीच सांगितलेलं असतं, "तुमच्या जनुकात दोष आहे." 'दोष' हा शब्द आमच्याकडे सर्वांत जास्त नुकसान करतो. सासरी तो पत्रिकेतल्या दोषासारखाच वापरला जातो. तेव्हा तुमचं ते गुण जुळवणं माझ्या खोलीपर्यंत आणू नका.

२०१५ मधल्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी 'म्युटेशन' हा शब्दच सोडून सरसकट 'व्हेरिएंट' म्हणायला सांगितलं, आणि पुढे पाच पायऱ्या दिल्या. मी मराठीत अशा सांगते : रोगकारक बदल, बहुधा रोगकारक, अर्थ न लागलेला, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. यातली मधली पायरी सगळ्यांत अवघड. 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' असं भाषांतर अहवालांखाली वाचलं आहे. त्यातलं 'महत्त्वाचा' तेवढं डोक्यात राहतं आणि रुग्ण थेट शस्त्रक्रियेचं विचारतात. खरं तर निव्वळ अशा बदलाच्या जोरावर उपचार ठरवायचे नसतात. 'बदल दिसलाय, त्याचा अर्थ अजून लागलेला नाही' म्हटलं की पटकन समजतं. अर्थ 'लागतो' म्हणजे आज ना उद्या लागेल, हेही त्यात आपोआप येतं. आणि तसंच घडतं, पुढे पुरावा वाढला की पायरी बदलते.

इथे तुमचा डेटा आड येतो तो असा. एखादा बदल दुर्मिळ आहे का हे बघायला जगभरच्या साठ्यांत शोधतात. त्या साठ्यांत भारतीय कमी. म्हणजे इथल्या एखाद्या समाजात सर्रास असलेला, निरुपद्रवी बदल तिथे दुर्मिळ दिसतो आणि मधल्या पायरीवर अडकतो. म्हणून इंडिजेन प्रकल्पाचे १,०२९ भारतीय जीनोम किंवा जीनोमइंडियाचे १०,००० ही आमच्यासाठी रोजच्या कामाची गोष्ट आहे. जीनोमइंडियाचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला.

खडूस :
'अर्थ न लागलेला बदल' हा या धाग्यातला सर्वांत चांगला शब्द. चला, माझाही पापाचा वाटा : पुस्तिकेत 'आवश्यक कौशल्ये' लिहाल तेव्हा 'एक्सेलचे ज्ञान' असं ढोबळ लिहू नका. एक्सेलमध्ये 'मार्च१' किंवा 'सेप्ट२' या नावाचं जनुक टाईप केलं की ते मुकाट १ मार्च आणि २ सप्टेंबर होतं. २००४ मध्ये हे छापून आलं होतं. २०१६ मध्ये मोजलं तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांची यादी जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असली गडबड निघाली. शेवटी नामकरण समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली : मार्चएफ१, सेप्टिन२. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून जनुकांचं बारसं पुन्हा.

सेंट्रिफ्यूज :
म्हणून कौशल्यांत पायथन किंवा आर यांपैकी एक प्रोग्रामिंगची भाषा लिहा, आणि त्याआधी संख्याशास्त्र. मुलं प्रोग्रामिंगला घाबरतात आणि संख्याशास्त्राला गृहीत धरतात, खरं तर उलट हवं. वीस हजार जनुकं एकदम तपासली आणि निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांपर्यंत चालवून घेतली, तर काहीही नसताना हजारेक जनुकं 'सापडतात'. हे ज्याला कळलं त्याला बाकीचं शिकवता येतं.

अर्धविराम :
सर्वांचे आभार. मसुदा असा केला आहे :

"बायोइन्फर्मॅटिक्स (जैवमाहितीशास्त्र) : सजीवांच्या डीएनए-प्रथिनांचे क्रम आणि रुग्णालयांतला डेटा संगणकाच्या मदतीने साठवणे, जुळवून पाहणे, त्यातले बदल शोधणे आणि त्या बदलांचा अर्थ लावणे. जीवशास्त्राइतकीच संख्याशास्त्राची आवड हवी. संगणकीय जीवशास्त्र या नावाचे अभ्यासक्रमही बहुतांशी हेच शिकवतात; नावापेक्षा विषयांची यादी पाहावी."

'पाठभेद' पुस्तिकेत घेतला नाही, जागा कमी आहे. 'विदा' शब्दसूचीत टाकला आहे, लिंग न सांगता.

खडूस :
'टाकला आहे' म्हणजे पुल्लिंगी. सांगितलंत की.