हरिपाठही रोजचाच वाटू लागला, तर काय करावे?

कृष्णाकाठ, सांगली

सप्रेम नमस्कार. गेली 22 वर्षे मी मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. सकाळी रोजकीर्द, दुपारी हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) आणि संध्याकाळी खतावणी, हा क्रम कधी चुकला नाही. घरी कसलीही ददात नाही. तरीही पहाटे जाग आली, की आजचा दिवस कालच जगून झाला आहे असे वाटते.

वडील माळकरी होते. ते गेल्यावर मीही संध्याकाळी हरिपाठ म्हणू लागलो आणि पहिले काही महिने मनाला खरोखर आधार मिळाला. आता मात्र ओठ हरिपाठ म्हणतात आणि मन पट्ट्यांची बेरीज करीत असते. जप, आरती, एकादशी, वारी हे सारे पुन्हा पुन्हा करण्याचेच आहे. मग ज्या मनाला त्याच त्या गोष्टींचा वीट आला आहे, त्याला आणखी एक तीच ती गोष्ट औषध कशी ठरावी? श्रद्धा सोडावी असे मुळीच वाटत नाही. ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

माणदेशी, दहिवडी

दादा, मी निवृत्त शिक्षिका आहे आणि गोंदवले जवळच असल्याने श्रीगोंदवलेकर महाराजांच्या (1845–1913) समाधीच्या दर्शनाला लहानपणापासून जाते. संसार टाकून नाम घ्या असे त्यांनी सांगितले नाही. प्रपंच नीट करा आणि त्यात नाम ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. याचा अर्थ मला फार उशिरा कळला. सासूबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. अंग पुसणे, चादर बदलणे, पेज भरवणे हे रोज त्याच वेळी करताना मी ‘श्रीराम जय राम जय जय राम’ म्हणत असे, आणि खरे सांगायचे तर मन बहुतेक वेळा दुसरीकडेच असे. एके सकाळी त्यांच्या पाठीवर रुपयाएवढा लाल डाग दिसला, जो आदल्या दिवशी नव्हता. त्या डागाची जखम होण्याआधी उपचार झाले. तीच पाठ मी शेकडो वेळा पुसली होती, म्हणूनच तो मला दिसला. कंटाळा त्यानंतरही येत राहिला. परंतु नामामुळे मी त्या खोलीत मनानेही थोडी थांबू लागले, एवढे निश्चित.

वारणातीर

एक गोष्ट आधी तपासावी. पहाटे लवकर जाग येणे आणि कशातच गोडी न वाटणे ही नैराश्याचीही लक्षणे असू शकतात. असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. माझ्या धाकट्या भावाला आम्ही ‘देवावर भरवसा ठेव’ एवढेच सांगत आठ महिने घालवले, याची खंत आजही वाटते. औषधे सुरू असतानाही हरिपाठ म्हणता येतो.

तंतुवाद्य कारागीर, मिरज

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे घडवले जातात. तंबोऱ्याच्या चार तारा मैफलभर त्याच क्रमाने छेडायच्या असतात. जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या पृष्ठभागाची नाद घुमवणारी घडण, नीट लागलेली असेल, तर खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. नसेल, तर त्याच तारा मुक्या वाटतात. तारेखालचा सुताचा दोरा घोडीवर केसभर सरकवला, तरी एवढा फरक पडतो. मात्र वाजवून वाजवून तारांखाली घोडीची झीज होते आणि जवारी उतरते, तेव्हा कानस घेऊन पुन्हा काम करावे लागते. कोनाड्यात ठेवलेल्या तंबोऱ्याची अशी झीज होत नाही. म्हणून आपल्याला आलेला वीट मला श्रद्धा आटल्याची खूण वाटत नाही.

मी नमाजी माणूस आहे. दिवसाच्या पाच फर्ज (अनिवार्य) नमाजांच्या 17 रकाती, म्हणजे आवर्तने, होतात आणि प्रत्येक रकातीत सूरा फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, येते. माझीही जवारी अनेकदा उतरली आहे. अशा वेळी मी शब्दांना हात लावत नाही. घरी एकट्याने पढण्याऐवजी जमातीत जातो किंवा कामातून थोडे आधी उठतो. आपण खतावणी मिटताच हरिपाठाला बसता का? मध्ये थोडे चालून यावे आणि मोठ्याने, शक्य तर कोणाच्या तरी सोबतीने म्हणावे, असे सुचवतो.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गुरुवारी अडत बंद झाल्यावर चालत हरिपूरला गेलो आणि कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळापाशी बसून मोठ्याने हरिपाठ म्हटला. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सूर मिळवला. तिसऱ्या अभंगात त्यांच्या तोंडून एक शब्द निराळा आला, म्हणून मी थबकलो. घरी येऊन पोथी पाहिली, तेव्हा त्यांचाच शब्द बरोबर निघाला. इतकी वर्षे मी तो चुकीचा म्हणत होतो, कारण वडील तसाच म्हणत असत. पट्ट्यांतली एका रुपयाची चूक मला लगेच दिसते, पण ही कधी ऐकूच आली नव्हती. तो शब्द आता दुरुस्त करावा, की वडिलांचा म्हणून तसाच ठेवावा, हे अजून ठरवता आलेले नाही. उद्या पुन्हा हरिपूरला जाणार आहे.