अनुभव धागा: टॅटू, घरचे आणि नोकरी

आजीच्या हातावर गोंदण असलेल्या घरातही नातीने टॅटू काढला की "लग्न कसं जमणार?" हेच ऐकू येतं. मग तो लपूनछपून, घाईत आणि स्वस्तात काढला जातो, आणि खरं नुकसान तिथेच होतं. जाणकारांनी कृपया नेमकं लिहावं.

टॅटू आर्टिस्ट, दादर
सुई साधारण १ ते २ मिलिमीटरच आत जायला हवी. वरवर राहिली तर खपलीबरोबर शाई निघून जाते. खोल गेली तर शाई पसरते आणि रेघेभोवती निळसर छटा कायमची राहते. लपवायला सोपा म्हणून अगदी बारीक टॅटू मागतात, पण वर्षागणिक रेघ जाडावते. 'आई' लहान जागेत निभावते. 'श्री', 'ध', 'भ' यांच्या गाठी बुजतात. अशा अक्षरांना निदान दीड सेंटिमीटर उंची द्या. स्टेन्सिल (सुई लावण्याआधी त्वचेवर उमटवलेला आराखडा) उमटल्यावर फोटो काढून वाचा, आरशात अक्षरं उलटी दिसतात. वेलांटी, रफार, जोडाक्षरं दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. फॉन्ट बिघडला की जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं अक्षर येतं. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, मुदतीची तारीख बघा. शाई छोट्या कपात काढून घेतलेली हवी. उरलेली पुन्हा बाटलीत ओतताना कुणी दिसलं, तर सरळ उठून या.

परिचारिका, परळ
जत्रेत एकच सुई अनेकांना वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. बी ची लस आधीच घ्या: पहिला डोस, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. सी ला लस नाही. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही.
दिवसातून दोनदा बिनवासाच्या साबणाने धुवा, टिपून कोरडं करा, मलमाचा अगदी पातळ थर लावा. पावसाळ्यात घरचं प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम साचतो. लोकलच्या गर्दीत सैल सुती बाही बरी. दोन-तीन आठवडे समुद्र आणि तरणतलाव बंद. लाली पसरली, पू आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. घरी कळेल या भीतीने पोरं थांबतात, त्याचं फार वाईट वाटतं.

भरतीची तयारी करून घेणारे, कुर्ला
सैन्यात कोपर ते मनगट हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढीच मुभा. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत. निमलष्करी दलांत डावा हात, कारण सलाम उजव्या हाताने होतो, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. सुई टेकवण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचा.

त्वचारोग दवाखाना, बोरिवली
"दोन महिन्यांवर लग्न आहे, काढून द्या" हे होत नाही. लेसरच्या दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे लागतात आणि बैठका बऱ्याच होतात. काळ्या शाईला १०६४ नॅनोमीटरचा लेसर चालतो, हिरवी-निळी शाई दमवते. सावळ्या त्वचेवर घाई केली तर पांढरे डाग उरतात. समारंभापुरतं झाकायचं असेल तर जखम पूर्ण भरलेल्या त्वचेवर आधी नारिंगी करेक्टर (शाईचा रंग दाबणारा मेकअप), मग फाउंडेशन, वर पावडर.